रानपिंगळ्याच्या पायातली चिठ्ठी

मराठीत 'पिंगळा' हा शब्द उच्चारला की दोन आकृती समोर येतात. एक माणसाची. पहाटेच्या अंधारात कंदील आणि कुडमुडे घेऊन दारोदार जाणारा, पिंगळा पक्ष्याची बोली आपल्याला कळते असे सांगून घरादाराचे भविष्य वर्तवणारा लोकभिक्षुक तो पिंगळा. दुसरी आकृती पक्ष्याची. गावच्या जुन्या चिंचेच्या ढोलीत राहणारे, दिवेलागणीला तारेवर येऊन बसणारे आणि माणूस दिसला की डोळे वटारून मान वरखाली करणारे बोटभर उंचीचे घुबड, तेही पिंगळाच. लोकसाहित्याच्या तासाला पहिल्या पिंगळ्यावर आमची एक तासिका सहज खर्च होते. दुसऱ्याची बोळवण 'या नावाचा एक पक्षी असतो' एवढ्या वाक्यात होते. 'एक पक्षी असतो' हे वाक्य साहित्याच्या अध्यापकांनी किती वेळा उच्चारले असेल याची गणती नाही. कवितेत पक्षी आला की तो कोणता, हे विचारायचे नाही, तो कशाचे प्रतीक आहे एवढेच विचारायचे, असा आपला जुना शिरस्ता आहे.

या लेखात आम्हाला ज्याच्याविषयी लिहायचे आहे तो तिसरा पिंगळा. रानपिंगळा हे त्याचे मराठी नाव. तो प्रतीक वगैरे होण्याच्या कितीतरी आधी नाहीसा झाला होता, आणि नाहीसा झालेला असतानाही दररोज सकाळी सातपुड्यातल्या कुठल्यातरी निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर उन्हात बसत होता.

१८७२ च्या डिसेंबरात ब्लेविट नावाच्या संग्राहकाला आजच्या छत्तीसगडातील फुलझर भागात या पक्ष्याचा पहिला नमुना मिळाला. पुढच्याच वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी 'स्ट्रे फेदर्स' या आपल्या नियतकालिकात त्याचे वर्णन छापले आणि शास्त्रीय नावात ब्लेविटचे नाव गोवले. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेशी ज्यांचे नाव जोडलेले आहे तेच हे ह्यूम. भारतीय पक्ष्यांवरील त्यांच्या नियोजित ग्रंथाची हस्तलिखिते सिमल्याच्या घरातून एका काढून टाकलेल्या नोकराने नेली आणि बाजारात रद्दीच्या भावाने विकली. ह्यूम यांनी त्यानंतर पक्षिशास्त्रातून जवळजवळ संन्यासच घेतला आणि आपला प्रचंड संग्रह १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. महानुभाव आणि वारकरी पोथ्यांची पाने कुठे कुठे, कशाकशाला गुंडाळली गेली हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या हकिकतीचे नवल वाटणार नाही. वाईट मात्र तितकेच वाटेल.

पहिल्या नमुन्यानंतर ओडिशातील खरियारच्या बाजूला एक, आणि १८८० नंतरच्या चारपाच वर्षांत खानदेशात शहादे-तळोद्याकडे जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने मिळवलेले पाच. शेवटचा १८८४ चा. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सारे सात नमुने. त्यानंतर मौन. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या मातब्बरांनीही पुढे त्याचा माग काढण्याचा प्रयत्न केला, पण हाती काही आले नाही.

मौन म्हणालो खरे, परंतु या मौनात एक आवाज मध्येच ऐकू येत होता आणि इथूनच ही गोष्ट पक्षिशास्त्राची न राहता आमच्या विषयाची होऊ लागते. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात रानपिंगळ्याचा एक नमुना होता. संग्रहालयातील पक्ष्याच्या पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असते. कोठे मिळाला, कधी मिळाला, कोणी मिळवला, एवढा मजकूर तिच्यावर असतो. या नमुन्याच्या पायातली चिठ्ठी सांगत होती : १९१४, ऑक्टोबर, मांडवी, तापीकाठ, गुजरात. म्हणजे डेव्हिडसननंतर तीस वर्षांनीही पक्षी होता आणि तो मांडवीला होता! कर्नलसाहेब कीर्तिमान होते, त्यांच्या शब्दावर अविश्वास दाखवण्याचे कारण नव्हते. चिठ्ठी प्रमाण झाली. ती पुस्तकांत गेली, पुस्तकांतून दुसऱ्या पुस्तकांत गेली.

पामेला रासमुसेन या अमेरिकी अभ्यासिका वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत दक्षिण आशियातील पक्ष्यांच्या मार्गदर्शिकेचे काम करीत होत्या. त्या कामासाठी जुने नमुने तपासताना कर्नलच्या संग्रहातील नोंदी त्यांना खटकू लागल्या. रानपिंगळ्याच्या त्या नमुन्याची त्यांनी क्ष-किरणांखाली तपासणी केली. कातडी सोलून, वाळवून, आत कापूस भरण्याची प्रत्येक संग्राहकाची आपली अशी पद्धत असते. जशी लेखनिकाची अक्षराची वळणे, तशीच हीसुद्धा. वरवर कर्नलच्या हातचा दिसणारा तो पक्षी आतून डेव्हिडसनच्या हातचा निघाला. डेव्हिडसनच्या पाच नमुन्यांपैकी एक संग्रहालयातून चोरून, उसवून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी बांधून तो मांडवीचा करण्यात आला होता. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हा सगळा पुरावा १९९९ मध्ये 'आयबिस' या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

पाठचिकित्सा शिकवणाऱ्या माणसाने हे वाचावे आणि त्याला झोप येऊ नये, असा हा प्रकार आहे. वर्गात आम्ही सांगतो की प्रक्षेप म्हणजे मूळ संहितेत मागाहून कोणी घुसडलेला मजकूर. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती अशाच घुसडलेल्या ओव्यांपासून, आणि पुढे कोणी भर घालू नये म्हणून ताकीदही दिली. विद्यार्थी हे लिहून घेतात. परीक्षेत लिहितात. प्रक्षेपाने प्रत्यक्षात काय बिघडते, असे मात्र कोणी विचारत नाही आणि आम्हीही, खरे सांगायचे तर, एखाददुसरी ओवी जास्त असली तर जगाचे काही अडते असे कधी ठासून सांगू शकलो नव्हतो. रानपिंगळ्याच्या बाबतीत ते सांगता येते. येथे संहिता सात ओळींची. त्यांतली एक ओळ खोटी. तेवढ्याने काळाची सीमा तीस वर्षे पुढे सरकली आणि स्थळ शे-दीडशे किलोमीटर पश्चिमेला गेले. गंमत अशी की याला तोतयाही म्हणता येत नाही. पानिपतानंतर उभा राहिलेला भाऊसाहेबांचा तोतया देहाने दुसराच माणूस होता. इथे देह अस्सल रानपिंगळ्याचा, खोटी होती ती केवळ त्याची जन्मकथा.

खोटी चिठ्ठी बाजूला सारल्यावर उरल्या त्या एकोणिसाव्या शतकातल्या खऱ्या चिठ्ठ्या. १९९७ च्या नोव्हेंबरात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे त्या चिठ्ठ्यांवरची गावे हुडकत भारतात फिरले. पूर्वेकडील जुनी ठिकाणे आधी पाहिली, तेथे काही मिळाले नाही. मग ते डेव्हिडसनच्या शहाद्याकडे वळले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी, शहाद्याजवळच्या डोंगरपायथ्याच्या रानात, एका पाने झडलेल्या झाडावर, लख्ख उन्हात तो बसलेला होता. एकशे तेरा वर्षांनी.

आम्हाला यात सर्वांत अस्वस्थ करणारी वाटते ती 'उन्हात' ही गोष्ट. घुबड म्हणजे रात्र आणि रानातले घुबड म्हणजे गर्द, निबिड अरण्य, असे आपले समीकरण असते. रानपिंगळा यांतले काहीच पाळत नाही. तो दिवसाउजेडी वावरतो. त्याला साग, सालई, धावड्याचे मोकळे, झुडपांची दाटी नसलेले पानगळीचे रान लागते, शेताच्या कडेचे चालते, आणि बसायला उंच उघडी फांदी हवी असते. तो लपत नाही. साहित्यात ज्याला दुर्बोध म्हणतात त्यातला बराच भाग प्रत्यक्षात अनपेक्षित असतो, असे आमच्यापैकी एकाचे जुने मत आहे. दुसऱ्याला ते फारसे पटत नाही. असो.

आम्ही म्हणजे एकाच महाविद्यालयाच्या मराठी विभागात शिकवणारे दोघे. चाळिशी उलटल्यावर दुर्बीण हाती घेतली, त्यामुळे पक्षिनिरीक्षक म्हणवून घेण्याइतका आमचा अधिकार नाही. पक्ष्यांकडे आम्हाला शब्दांनी नेले. मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी वनखात्यातील आयुष्यभराच्या नोकरीत आदिवासींकडून, पारध्यांकडून पक्ष्यांची, झाडांची नावे मिळवली आणि 'पक्षिकोश' सिद्ध केला. तो कोश आम्ही आधी शब्दसंग्रह म्हणून वाचला. भृंगराज, निखार, नाचण, शिंजीर, नीलपंख, टकाचोर ही नावे तोंडात घोळू लागली, आणि मग या नावांचे धनी आपण पाहिलेलेच नाहीत, याची टोचणी लागली. ज्या शब्दाचा अर्थ डोळ्यांनी पाहता येतो तो केवळ कोशात पाहून थांबणे, हे मराठीच्या अध्यापकाला शोभणारे नव्हे.

गेल्या फेब्रुवारीत मेळघाटात गेलो ती आमची तिसरी खेप. पहिल्या दोन खेपांमध्ये रानपिंगळा दिसला नाही. त्याबद्दल विशेष लिहिण्यासारखे काही नाही. परतवाडा सोडला की सातपुड्याचा गाविलगड भाग चढू लागतो, सेमाडोहला सिपना नदी भेटते, आणि तेथून पुढे डोंगरामागून डोंगर नुसता साग. पावसाळ्यात हेच रान इतके हिरवे असते की डोळ्यांना दुसरा रंग आठवत नाही. फेब्रुवारीत सागाची परातीएवढी पाने एकेक करून खाली येत असतात, आणि पान पडल्याचा आवाज एवढा मोठा येतो की कोणीतरी चालत आले असे वाटून माणूस वळून पाहतो. पळसाला कळे धरले होते. पहाटे गारठा असा की दुर्बिणीला लावलेला डोळा पाणावत होता.

आमच्याबरोबर वाटाड्या होता तो कोरकू. पन्नाशीच्या आसपासचा, मितभाषी, वऱ्हाडी आणि हिंदी मिसळून बोलणारा. आपापसात कोरकूत बोलणे चाले तेव्हा आम्हाला एक अक्षर कळत नसे. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. मराठीशी तिचे दूरचेही नाते नाही. आपल्या राज्यात, आपल्या जिल्ह्याच्या शेजारी, संथाली-मुंडारीची एक बहीण शेकडो वर्षे नांदते आहे आणि मराठीच्या अभ्यासक्रमात तिला एखादा परिच्छेद मिळतो. हे विषयांतर झाले, पण त्या तीन दिवसांत ते मनातून जात नव्हते.

पहिल्या दिवशी सकाळी गावालगतच्या मोहाच्या झाडावर एक पिंगळा दिसला. पाठमोरा होता. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. वाटाड्याने दुर्बिणीसाठी हातही पुढे केला नाही.

"हा नाही जी. हा घराकडचा हाये."

पिंगळा वळला तेव्हा डोक्यावरचे पांढरे ठिपके स्वच्छ दिसले. ठिपकेदार पिंगळा, म्हणजे आपला नेहमीचाच. दुपारी नाल्याच्या दाटीत दुसरा एक आवाज आला. आधी संथ, मग वेग घेत जाणारी, दूरवर यंत्र सुरू व्हावे तशी कुरकुर. तो जंगल पिंगळा. एकाच रानात एकाच आकाराचे, एकाच मातकट तपकिरी रंगाचे तीन पिंगळे राहतात आणि त्यांतला जो हवा आहे तो बाकीच्या दोघांपासून वेगळा काढायचा आहे, ही अडचण आम्हाला अपरिचित नव्हती. हाती तीन पोथ्या आल्या की आम्हीही हेच करतो. ठिपकेदाराच्या डोक्यावर आणि पाठीवर ठिपके. जंगल पिंगळ्याच्या अंगभर, डोक्यावरसुद्धा, बारीक आडव्या रेघा. रानपिंगळ्याचे डोके जवळपास कोरे, छातीवर रुंद तपकिरी पट्टा, पोट पांढरे, शेपटीवर ठळक पांढरे आडवे पट्टे, आणि पाय त्या देहाच्या मानाने विलक्षण दणकट, बोटांपर्यंत पांढऱ्या पिसांनी झाकलेले. आम्ही हे सगळे वहीत लिहून नेले होते. वाटाड्याला वहीची गरज नव्हती. पण लक्षणे विचारली तेव्हा त्याने जे पहिले लक्षण सांगितले ते आमच्या वहीत नव्हतेच. "थो वर बसते," तो म्हणाला, "एकदम शेंड्यावर. आन् त्याले आपलं भेव नाही."

संध्याकाळी वनखात्याच्या निवासाच्या आवारात कॅमेरेवाल्यांची एक तुकडी भेटली. त्यांच्याकडे मोबाइलवर रानपिंगळ्याची ध्वनिमुद्रिते होती. मुद्रित शीळ वाजवली की पक्षी आपल्या हद्दीत दुसरा कोणी शिरला असे समजून धावत येतो, समोर बसतो, छायाचित्र मिळते. ही युक्ती जगभर चालते. अभ्यासकही ती मोजणीसाठी वापरतात, मात्र हिशोबाने. विणीच्या दिवसांत पाचपंचवीस लोकांनी येऊन रोज एकाच जोडीला हे ऐकवले, तर ती अंडी उबवणार कधी आणि पिल्लांना भरवणार कधी? रानपिंगळ्याची वीण हिवाळ्याच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालते, म्हणजे नेमकी पर्यटकांच्या हंगामात. आम्ही ध्वनिमुद्रित वाजवणार नाही असे वाटाड्याला सांगितले, तेव्हा त्याने मान हलवली. त्याला बरे वाटले की हे लोक आता दिवसभर आपल्याला पायपीट करायला लावणार असे वाटले, ते कळायला मार्ग नव्हता.

दुसरा दिवस कोरडा गेला. कोरडा म्हणजे रानपिंगळ्यापुरता. सर्पगरुडाची शीळ डोक्यावरून गेली, भृंगराजाने शेपटीची दोन निशाणे मिरवत आमची बराच वेळ सोबत केली, निखारांचा थवा सालईच्या फांद्यांतून ठिणग्यांसारखा सांडत गेला. याच दिवशी चालता चालता वाटाड्याने आपले मूळ गाव व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातून उठवून बाहेर वसवले गेल्याचे सांगितले. मोबदला मिळाला, नवी जागा मिळाली, रस्ता आहे, दवाखाना जवळ आहे. तक्रारीचा सूर नव्हता. मग म्हणाला, "आमचं वावर होतं ना, तिथी धुऱ्यावर एक सागाचं खोड होतं. त्याच्यावर बसे हा. पोट्टे असतानी पाहो आम्ही. आता तिथी माणसाच्या डोक्यावर गवत झालं. थो गवतात काय पाह्यन?"

आम्ही या वाक्याचा पुढे खूप विचार केला. गवत वाढले हे हरणांसाठी आणि पर्यायाने वाघासाठी चांगलेच झाले, ही मेळघाटाची दुसरी बाजू आहे आणि ती खरी आहे. पण रानपिंगळा वरून झेप घेऊन जमिनीवरचे सरडे, उंदीर, टोळ उचलतो. त्याला खालची जमीन दिसावी लागते. गुरे चरतात, माणसे वावरतात, तेथे जमीन उघडी राहते. मात्र तीच माणसे ढोलीची झाडे तोडतात, घुबडांविषयीच्या समजुतींपायी पिल्ले आणि अंडी पळवतात, हेही अभ्यासकांनी नोंदवून ठेवले आहे. तिकडे तळोद्याच्या ज्या राखीव रानाच्या आसऱ्याने हा पक्षी टिकला, त्यातली मोठी जमीन १९९० नंतर सरदार सरोवराच्या विस्थापितांना वसवण्यासाठी मोकळी करण्यात आली. धरणाने ज्यांची घरे गेली त्या आदिवासींना जमीन मिळू नये असे कोण म्हणेल? आणि त्या जमिनीवरच्या सागाच्या ढोलीत जो राहत होता त्याने कोणाकडे अर्ज करावा? या प्रश्नाला सोपे उत्तर देणारे लेख आम्ही दोन्ही बाजूंचे वाचले आहेत. त्यांतले बहुतेक शहरात बसून लिहिलेले आहेत. हाही शहरात बसूनच लिहिला जात आहे, म्हणून येथे थांबतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी परवानगी घेऊन, वनरक्षकाला बरोबर घेऊन बफर क्षेत्राच्या एका कडेला गेलो. एका बाजूला हरभरा उभा, दुसऱ्या बाजूला चढाव आणि चढावावर विरळ साग. साडेआठ वाजून गेले होते. ऊन चांगले वर आले होते आणि पक्ष्यांची पहाटेची गडबड ओसरली होती, म्हणजे एरवी दुर्बीण गळ्यात अडकवून चहाकडे वळायची वेळ. तेवढ्यात बुलबुलांचा कालवा ऐकू आला. मग कोतवाल आला, दोन शिंजीर आले. रानातल्या लहान पाखरांनी एका जागी गोळा होऊन आरडाओरडा चालवला की मध्ये कोणीतरी गुन्हेगार बसलेला असतो, एवढे आम्हाला आता कळत होते.

वाटाड्याने बोट दाखवले नाही. फक्त हनुवटी वर केली.

पाने पूर्ण गळालेल्या सागाच्या सर्वांत वरच्या फांदीवर तो होता. तोंड आमच्याकडे. डोके कोरे, राखट तपकिरी. गळ्याखाली पांढरे, मग तो रुंद पट्टा, मग पुन्हा पांढरे पोट, इतके पांढरे की त्या मातकट रानात कोणी चुन्याचे बोट उमटवल्यासारखे दिसावे. पिवळे डोळे. बुलबुल त्याच्या डोक्यावरून घासून जात होते आणि तो शेपटी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झटकत होता. बाकी ढिम्म. वहीतली लक्षणे आम्ही एकेक करून जुळवली. सगळी जुळली तरी पुन्हा पहिल्यापासून जुळवली. पाठचिकित्सेची सवय म्हणा किंवा तेवढा आनंद एकदम स्वीकारण्याची सवय नाही म्हणून म्हणा.

पुष्कळ वेळाने पाखरे कंटाळून पांगली. मग त्याने शीळ घातली. दोन स्वरांची, आखूड, मऊ. घुबडाचा म्हणून जो घुत्कार आपण कथा-कादंबऱ्यांत वाचतो त्याच्याशी काहीही संबंध नसलेली. चढावावरून दुसऱ्याने उत्तर दिले. जोडी होती. आम्ही चाळीस मिनिटे तिथे उभे होतो, आणि त्या चाळीस मिनिटांत त्याने आमच्याकडे दोनदाच पाहिले असेल. तिसऱ्यांदा त्याची नजर खाली गेली, देह पुढे झुकला, पंख मिटूनच तो दगडासारखा पडला आणि क्षणात पायात काहीतरी वळवळते घेऊन, चढावाच्या दिशेने, रानात दिसेनासा झाला. बहुधा सरडा असावा. आमच्यापैकी एकाचे म्हणणे उंदीर होता. याही बाबतीत पाठभेद आहे.

परतताना, आणि नंतर कित्येक दिवस, आमच्यात जो वाद चालला आहे तो मात्र पाठभेदाइतका निरुपद्रवी नाही. हे स्थळ लिहावे की लिहू नये?

एकाचे म्हणणे असे. हा पक्षी पुन्हा सापडला तो एका प्रामाणिक चिठ्ठीमुळे. डेव्हिडसनने गाव खरे लिहिले म्हणून शतकानंतर कोणीतरी तेथे जाऊ शकले. कर्नलने गाव खोटे लिहिले म्हणून शोध वाकडा गेला. ज्याने पाहिले त्याने कोठे पाहिले ते लिहिलेच पाहिजे. स्थळ गाळलेली नोंद म्हणजे पाने फाडलेली पोथी. शिवाय नोंदी झाल्या म्हणूनच पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या व इतर अभ्यासकांनी त्याला मेळघाटात, तोरणमाळच्या रानात, मध्य प्रदेशात हुडकून काढले. म्हणूनच २०१४ मध्ये तो सातपुड्यापासून कितीतरी दूर, ठाणे जिल्ह्यात, मुंबईला पाणी पाजणाऱ्या तानसा तलावाच्या रानात सापडल्याची बातमी खरी मानता आली. (भारतातल्या पक्षिशास्त्राची राजधानी मुंबई, आणि पक्षी तिच्या पाणवठ्यावर!) म्हणूनच २०१८ मध्ये त्याला जागतिक सूचीत 'अतिसंकटग्रस्त' वर्गातून एक पायरी खाली, 'संकटग्रस्त' वर्गात आणता आले. नोंद झाकून ठेवली असती तर यांतले काय झाले असते?

दुसऱ्याचे म्हणणे, डेव्हिडसनची चिठ्ठी वाचायला शंभर वर्षांत तीन माणसे आली. आज स्थळ लिहिले तर पुढच्या रविवारी तीस गाड्या येतील, मोबाइलवर शिळा वाजतील, ढोलीसमोर तिपाया उभ्या राहतील. हरभऱ्याच्या शेतकऱ्याचे शेत तुडवले जाईल ते वेगळेच. चिठ्ठी खरी असावी हे मान्य, पण ती कोणाच्या हाती द्यायची हाही संपादनाचाच प्रश्न आहे. महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ लिपीत लिहिल्या त्या खोट्या होत्या म्हणून नव्हे.

पहिल्याने यावर असे म्हटले की सकळ लिपीमुळे ते वाङ्मय कित्येक शतके मराठीला मिळाले नाही. दुसऱ्याने म्हटले की सकळ लिपीमुळेच ते शिल्लक राहिले असेल. महाविद्यालयाच्या कर्मचारी कक्षात हा वाद झाला तेव्हा इतिहासाच्या एका सहकाऱ्याने, पिंगळा दिसला ना, मग झाले तर, असे म्हणून चहा मागवला.

त्या सकाळी चौकीवर आलो तेव्हा वनरक्षकाने एक लांबट नोंदवही काढली. रकाने आखलेले. दिनांक, वेळ, ठिकाण, प्राणी वा पक्षी, संख्या, शेरा. 'ठिकाण' या रकान्यात तो अडला, कारण त्या नाल्याचे सरकारी नकाशात नाव नव्हते. त्याने वाटाड्याला विचारले. वाटाड्याने कोरकू नाव सांगितले. वनरक्षकाने ते देवनागरीत लिहून पाहिले, वाटाड्याने ऐकून मान हलवली, वनरक्षकाने खोडले, पुन्हा लिहिले. तिसऱ्या वेळी उच्चार जमला. पुढे त्याने 'रानपिंगळा' लिहिले, संख्येच्या रकान्यात '२', आणि शेऱ्यात 'जोडी. एक पाहिला, एक ऐकला'. खाली आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या. वाटाड्याचीही घेतली.

ते नाव आमच्या वहीत आहे. या लेखात ते लिहिलेले नाही, आणि आमच्यापैकी एकाला ते अजून मान्य नाही.